अगायचा कोड कोण तपासणार?

त्या मंगळवारी सकाळी मी कार्यालयात पोचलो तेव्हा उलुकमान दारातच उभा होता. तो दारात उभा असला की दोनच कारणं असतात. एक तर वीज गेलेली असते, नाहीतर त्याला माझ्याशी असं काहीतरी बोलायचं असतं, जे बोलायची त्याला लाज वाटते. दिवे तर चालू दिसत होते.

"सलाम, अगाय. झोप लागली ना? गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे."

"आणि दुसरा?"

आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला वाईट बातमी सांगायची तर आधी त्याच्या सगळ्या सांध्यांची चौकशी करावी लागते. मी टोपी काढून खुंटीला लावली आणि तो पाठीच्या कण्याकडे वळायच्या आत म्हणालो, "उलुकमान, बाळा, झालंय काय?"

"मूळ लायब्ररीत भोक सापडलंय. आज पहाटे जाहीर केलं त्यांनी. सगळ्या शहरात धावपळ चाललीय. दुरुस्तीचा पॅचही दिलाय त्यांनी, दहा-बारा ओळींचा. फक्त..." तो थांबला. "फक्त तो आपल्या केरेगेत बसत नाहीये."

'बसत नाहीये' हे तो इतक्या हळू म्हणाला, की जणू माझ्या घरी कुणी वारलं होतं.

आमची कंपनी बिश्केकमधल्या बँकांसाठी कुलुपं बनवते. लोखंडी नव्हेत, गणिती. तुम्ही फोनवरून पैसे पाठवता तेव्हा मधल्या कुणाला ते वाचता येऊ नये आणि तुमच्या नावाची खोटी सही करता येऊ नये, एवढंच आमचं काम. त्यासाठी लागणारा कोड आम्ही लिहिलेला नाही. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली एक मोठी लायब्ररी आहे. ती कुणीही फुकट घ्यावी, वापरावी, हवी तशी बदलावी. पुढे आमच्या देशाने सहीची स्वतःची पद्धत सक्तीची केली आणि ती काही त्या लायब्ररीत नव्हती. तेव्हा उलुकमान माझ्याकडे आला. तो पॉलिटेक्निकमध्ये माझा विद्यार्थी होता, म्हणून मला अजून अगाय म्हणतो, म्हणजे गुरुजी. मी तिथे संख्यासिद्धांत शिकवायचो, म्हणजे फळ्याकडे तोंड करून स्वतःशी बोलायचो. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरच्या पुस्तकांची मांडणी तिसऱ्यांदा बदलत होतो. तो म्हणाला, "अगाय, या की आमच्याकडे." मी गेलो. मूळ लायब्ररीची एक प्रत काढली, तीत आमची सही घातली आणि प्रतीला नाव दिलं केरेगे, म्हणजे आमच्या तंबूची जाळीची भिंत. अशा घरगुती प्रतीला या धंद्यात फोर्क म्हणतात. घरच्या भाषेत याला वेगळी चूल मांडणं म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त खरा वाटतो.

वेगळी चूल मांडणं सोपं असतं. अवघड असतं ते पुढचं. मूळ घरी रोज काही ना काही नवं शिजतं, ते वाटी-वाटीने आणून आपल्या पातेल्यात मिसळावं लागतं. त्यासाठी आपलं पातेलं त्यांच्यासारखंच असावं, भांडी त्याच फळीवर असावीत. शहाणा माणूस मूळ कोडला हातच लावत नाही. आपली भर तेवढी कोपऱ्यात घालतो.

मी काय केलं? मी सगळी भांडी घासून नव्या फळ्यांवर लावली.

मला तो कोड वाचवेना. एक फाइल उघडावी तर तीत चार गावची माणसं कोंबलेली. लांबच्या लांब फंक्शनं, आधीची गोष्ट नंतर, नंतरची आधी. मी ती पुस्तकांसारखी लावत गेलो. मोठी फंक्शनं फोडून लहान केली, पसरलेल्या तपासण्या एकत्र आणून सुरुवातीला ठेवल्या. काम इतकं सुंदर झालं, की मूळ घरच्या माणसाला आणून सोडलं असतं तर त्याला स्वतःचं स्वयंपाकघर ओळखता आलं नसतं. पॅचलाही ते ओळखता येत नव्हतं. गेल्या काही वर्षांत आलेला प्रत्येक पॅच मी चष्मा लावून, हाताने, ओळीमागून ओळ बसवत आलो होतो. या कामाला सगळे 'अगायचं अवघड काम' म्हणत. अवघड मीच करून ठेवलं होतं, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

उलुकमान माझ्या टेबलाशी येऊन बसला. "शुक्रवारी मोठ्या बँकेची माणसं येणार आहेत. तोवर पॅच बसला तर ठीक. नाही बसला तर..." त्याने खिडकीबाहेर डोंगराकडे पाहिलं. "आयझिरेक म्हणते, केरेगे बाजूला ठेवू. मूळ लायब्ररी जशीच्या तशी घेऊ आणि आपली सही बाहेरून जोडू. आता तशी सोय आहे म्हणे."

ती सोय आज झालेली नव्हती, तिला बरीच वर्षं झाली होती. वेगळ्या चुलीची गरज कधीच संपली होती. मला ते ठाऊक होतं, उलुकमानलाही ठाऊक होतं. आम्ही विषय काढत नव्हतो. तो माझ्या मानापोटी, मी माझ्या खुर्चीपोटी. केरेगे गेली की या इमारतीत माझं काय काम? घरी दोन खोल्यांत भरपूर पुस्तकं आहेत, पण सकाळी मी आत शिरलो की त्यांतलं एकही "आलात का, अगाय?" म्हणत नाही.

"बसवतो," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन, म्हणून लगेच जोडलं, "बहुतेक."

आयझिरेक माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. ओशची मुलगी, तिशीतली. अल्माटीत काही वर्षं काम करून वसंतात इकडे आली. तिथे तिला सगळं शिकवलं असावं, फक्त सांध्यांची चौकशी करायला शिकवलं नाही.

"अगाय, हे फंक्शन असायला हवं तिथे नाहीये."

"असायला हवं तिथेच मी ठेवलंय."

"तुमच्या मते. पॅचच्या मते ते दुसऱ्या फाइलीत आहे."

"पॅचला वाचनाची आवड नाही."

ती हसली नाही. "मी असं करते. आधी बघते, की हल्ला आपल्यावर चालतो का. किती वेळ आहे ते तरी कळेल."

भोक होतं ते ओळखचिठ्ठीत. दोन यंत्रं पहिल्यांदा भेटतात तेव्हा एकमेकांची लांबलचक चौकशी करतात: तू कोण, कुणाचा, पुरावा दाखव. त्याला वेळ लागतो. म्हणून भेट संपताना सर्व्हर एक चिठ्ठी देतो. पुढच्या वेळी ती दाखवली की चौकशी टळते, सरळ आत. आता असं निघालं होतं, की वेडीवाकडी खोटी चिठ्ठी पुढे केली तर मूळ लायब्ररी गोंधळते आणि दुसऱ्यांची गुपितं ओकून टाकते.

आयझिरेकने खोटी चिठ्ठी तयार केली. आधी मूळ लायब्ररीवर चालवली. स्क्रीनभर कचरा सांडला, आणि त्या कचऱ्यात आम्हीच चाचणीसाठी लपवलेला परवलीचा शब्द चक्क वाचता येत होता. मग तीच चिठ्ठी तिने केरेगेपुढे धरली.

काहीच झालं नाही.

पुन्हा धरली. केरेगेने शांतपणे चिठ्ठी बाजूला सारली आणि नव्या पाहुण्याची करतात तशी चौकशी सुरू केली.

"उलुकमान बैके!" पलीकडून कुणीतरी दादाला हाक मारतात तसं ओरडलं. "केरेगेला भोक नाही!"

पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही, कारण मी सगळा वेळ खाली पाहत होतो. उलुकमानने मला धरून बैठकीच्या खोलीत नेलं आणि दारापासून सगळ्यांत लांबच्या, मानाच्या जागी बसवलं. बुरुलचा आमच्या कार्यालयाचं सगळं पाहते, चहापासून किल्ल्यांपर्यंत. तिने बोरसोकांचं, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, ताट माझ्यापुढे सरकवलं, जॅम सरकवला आणि चहाची वाटी मानाने अर्धीच भरली, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता यावी.

"शहरभर लोक केस उपटतायत," उलुकमान उभा राहून म्हणाला, "आणि आपले अगाय कित्येक वर्षांपूर्वीच भोक बुजवून गप्प बसलेत! एका शब्दाने बोलले नाहीत! याला म्हणतात विद्या!"

"पांढऱ्या दाढीला वरून दिसतं," बुरुलचा म्हणाली. मला दाढी नाही.

"शुक्रवारी त्या बँकवाल्यांना अगायच सांगतील, त्यांनी हे कसं ओळखलं ते."

मी तोंडात बोरसोक ठेवला, म्हणजे बोलावं लागू नये. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःलाही थोडंसं वाटू लागलं होतं, की ओळखलं असेलही. माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो. आपण हुशार होतो हेही विसरत असेल.

आयझिरेक ताटाला हात न लावता दाराशी उभी होती.

"अगाय, हल्ला फसला कशामुळे?"

"ये पोरी, बस, खा आधी," बुरुलचा म्हणाली.

"खाते, एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं आयझिरेक म्हणाली. "पण फसला का?"

"ठाऊक नाही," मी बोरसोकातून म्हणालो.

"विनय आहे हो त्यांचा," उलुकमान म्हणाला.

"विनय नाही, त्यांना खरंच ठाऊक नाहीये," आयझिरेक म्हणाली, आणि मला तिचं फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझं म्हणणं जसंच्या तसं मानणारी ती पहिलीच. ती आपला संगणक घेऊन आली आणि तिने ताट बाजूला करून तो मधोमध ठेवला. "खोटी चिठ्ठी नाकारली. छान. आता मी खरी देते. आत्ताच केरेगेकडूनच घेतलेली, ताजी."

केरेगेने खरी चिठ्ठीही बाजूला सारली आणि चौकशी सुरू केली: तू कोण, कुणाचा, पुरावा दाखव.

"पुन्हा कर," उलुकमान म्हणाला.

पुन्हा तेच. तिने दहा चिठ्ठ्या घेतल्या, दहाही पुन्हा तिच्यापुढे धरल्या. दहाही वेळा केरेगेने तिला जन्मात कधी पाहिलं नसल्यासारखं केलं.

"ही सगळ्याच चिठ्ठ्या शिळ्या म्हणतेय," आयझिरेक म्हणाली. तिने कोड उघडला. माझा सुंदर कोड. मी पुढे वाकलो. आम्हा दोघांना ते एकाच वेळी दिसलं असावं, कारण ती "ओह" म्हणाली आणि मी चहा सांडला.

चिठ्ठी शिळी आहे की ताजी, हे तिच्यावरच्या तारखेवरून ठरतं. मूळ कोडात आधी तारीख वाचतात, मग तपासतात. मी सगळ्या तपासण्या उचलून सुरुवातीला मांडल्या होत्या. म्हणजे माझ्याकडे आधी तपासतात, मग वाचतात. न वाचलेली तारीख शून्य असते, आणि शून्याच्या हिशेबाने जगातली प्रत्येक चिठ्ठी आजोबांच्या काळातली ठरते. कुठे काही मोडत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. चिठ्ठी नाकारली की लांबलचक चौकशी होई आणि काम पुरं होई. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास.

"म्हणजे इतकी वर्षं," उलुकमान हळूहळू म्हणाला, "आपल्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक, दरवेळी..."

"पहिल्यांदाच भेटल्यासारखं," आयझिरेक म्हणाली.

"म्हणून सर्व्हर पुरत नव्हते! मी आणखी आणखी घेत गेलो! मला वाटलं धंदा वाढतोय!"

"अगं बाई," बुरुलचा म्हणाली. "तरीच ती यंत्रांची खोली एवढी तापते. मी तर तिथे कुरुत वाळत घालते. दोन दिवसांत दह्याचे गोळे कसे खडखडीत होतात!"

जिथे दार हवं तिथे मी भिंत बांधली होती, आणि चोर आत आला नाही म्हणून मला मानाच्या जागी बसवलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात, पण इथे कावळ्याला बोरसोक खायला घालत होते. मी उठू लागलो. निदान ती खुर्ची तरी सोडावी. पण ती इतकी आत होती, की सगळे उठल्याशिवाय मला बाहेर पडता येईना. म्हणून पुन्हा बसलो.

"हा बदल तपासला कुणी होता?" आयझिरेकने विचारलं.

आमच्याकडे नियम आहे. कुणाचाही बदल दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय आत जात नाही. तिने इतिहास काढला. माझ्या प्रत्येक बदलाखाली एकच वाक्य होतं: 'मंजूर, अगाय. धन्यवाद!' उलुकमानचं. काही ठिकाणी माझी पाठ खुर्चीला टेकायच्या आत मंजुरी आलेली. एकदा तो तलासला चुलतभावाच्या लग्नात होता, तिथूनही मंजूर. एकदा मला शंका इतकी छळू लागली, की मी मुद्दाम निव्वळ अर्थहीन असं काहीतरी लिहून पाठवलं होतं. 'मंजूर, अगाय. धन्यवाद!' दुसऱ्या दिवशी ते काढून टाकलं. तेही मंजूर.

"उलुकमान बैके, तुम्ही यातलं काही वाचलंत?"

उलुकमान लाल झाला. "अगायचा कोड मी तपासायचा? ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्या वहीवर मी लाल खुणा करू? तुमच्या ओशमध्ये करत असतील."

"ओशमध्ये तर आणखीच करत नाहीत. म्हणून तर मी अल्माटीला गेले."

"मी दरवेळी म्हणत होतो, की बघा एकदा," मी पुटपुटलो.

"आम्हाला वाटायचं, तुम्ही विनयाने म्हणता!"

वासरांत लंगडी गाय शहाणी, अशी म्हण आहे. पण त्या गाईने किती वेळा पाय पुढे करून 'जरा बघा हो, दुखतोय' म्हणावं, आणि वासरांनी किती वेळा पायाला वंदन करावं?

मग जे मला सकाळीच म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो. त्यात धैर्य नव्हतं. शुक्रवारी बँकवाल्यांपुढे उभं राहून द्रष्टा म्हणून बोलायचं, हे मला झेपणारं नव्हतं. खोटं बोलायला आत्मविश्वास लागतो, आणि तो मी कधी मिळवू शकलो नाही.

"केरेगे बाजूला ठेवू," मी म्हणालो. "तारीख नीट वाचायला लावली की चिठ्ठ्या चालतील, आणि चिठ्ठ्या चालल्या की भोकही उघडेल. आणखी कुठे काय उलटं करून ठेवलंय ते मलाही सांगता येणार नाही. मूळ लायब्ररी घ्या. आयझिरेक म्हणते तेच बरोबर आहे."

उलुकमानने बराच वेळ वाटी फिरवली. मग म्हणाला, "अगाय, यंदा इसिक-कुल सरोवराकडे जर्दाळू चांगले आलेत म्हणतात."

"हो, ऐकलंय."

"तुमचे धाकटे भाऊ तिथेच ना? हवा फार चांगली तिथली."

"चांगली आहे. थोडं वारं असतं."

"वारं असतं, पण कोरडं."

तो मला घरी जा म्हणायचा प्रयत्न करत होता आणि मी राहू दे म्हणायचा. दोघंही सरोवराभोवती चालत होतो. असे आम्ही संध्याकाळपर्यंत चाललो असतो.

"हवामान झालं असेल तर," आयझिरेक म्हणाली, "सहीची फाइल वेगळी काढायचीय. ती अगायनी लिहिलीय, तर तेच काढतील. मी तपासीन. नंतर जोडणीचा भाग मी लिहीन, तो अगाय तपासतील. मला वाचणारा माणूस हवाय. मंजूर म्हणणारे इथे पुष्कळ आहेत."

"त्यांना तपासायचं काम? तुझ्या हाताखाली?" बुरुलचाने कपाळाला हात लावला.

"शेजारच्या टेबलावर," आयझिरेक म्हणाली, आणि आता कुठे तिने एक बोरसोक उचलला.

उलुकमानने माझ्याकडे पाहिलं. मी जर्दाळूंबद्दल काही बोललो नाही. "बघू या," तो म्हणाला. आमच्याकडे त्याचा अर्थ 'हो' असा होतो, फक्त पुढे कुणी जाब विचारला तर 'नाही' म्हणायची सोय राहते.

बुधवारी मी केरेगेतून माझं असं जे होतं ते वेगळं काढलं. मांडणी वजा केली, फोडाफोडी वजा केली, तर शेवटी एक फाइल उरली. इतक्या वर्षांच्या कामाची मला वाटत होती त्यापेक्षा ती फारच लहान निघाली. ती वाचून पाहिली. मला ती बरोबर वाटली, म्हणून पुन्हा वाचली. मग डोळे मिटून पाठवून दिली.

सवयीने उत्तराची वाट पाहू लागलो. मंजूर, अगाय, धन्यवाद. नाही आलं. एक तास गेला, दोन गेले. शेजारच्या टेबलावर आयझिरेक कपाळाला आठ्या घालून वाचत होती. मधेच ती "हं?" म्हणाली. माझ्या कोडला आजवर कुणी "हं?" म्हटलं नव्हतं. माझा प्रबंधसुद्धा एकमताने, एकही प्रश्न न विचारता मंजूर झाला होता, कारण बाहेरच्या परीक्षकांना गाडी गाठायची होती.

जेवणानंतर शेरे आले. पानभर. हे नाव कळत नाही. इथे रिकामी जागा आली तर काय? ही ओळ कशाला? इथे गुप्त आकडा काम झाल्यावर पुसलेला नाही, पुसा. बुरुलचा माझ्या खांद्यावरून डोकावली.

"एवढे सगळे? पांढऱ्या केसांच्या माणसाला? पोरी, तुला आई-बाप आहेत ना?"

"आहेत, एजे. ते शेळ्या पाळतात, कोड लिहीत नाहीत."

मी एकेक शेरा वाचत गेलो. गुप्त आकड्याचा तर जिवावरचा होता; न पुसलेला आकडा हाती लागला की कुणीही खोटी सही करेल. कान तापले होते, छाती धडधडत होती, आणि हे सगळं अपमानामुळे होतंय असं मी धरून चाललो होतो. अर्ध्या पानानंतर कळलं, की मी हसतोय. कुणीतरी माझी प्रत्येक ओळ वाचली होती. नुसती वाचली नव्हती, तिच्याशी भांडली होती.

शेवटून तिसरा शेरा मात्र चुकीचा होता. एक तपासणी निरुपयोगी आहे, काढा, असं तिने लिहिलं होतं. ती निरुपयोगी नव्हती. आमची सही एका वक्रावरच्या बिंदूंच्या गणितावर उभी आहे, आणि त्यातल्या एका विचित्र बिंदूवर तपासणीविना ती कोसळली असती. निदान मला तसं वाटत होतं. मी लिहिलं: 'क्षमस्व, कदाचित माझी समजूत चुकत असेल, पण बहुधा इथे...' खोडलं. 'तुझं बरोबर असेलच, तरी...' खोडलं. सगळी दुपार गेली. शेवटी लिहिलं: 'नाही. ही लागते.' आणि हात चोळत बसलो.

शेजारून आवाज आला. "अगाय, कशी काय लागते?"

"लागते," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"मला नाही पटत. उठा, फळ्यावर दाखवा."

उलुकमान त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. बुरुलचाने चहा ओतता ओतता हात थांबवला. मी उठलो, फळ्याशी गेलो आणि वक्र काढला. चाळीस वर्षं काढला तसाच. मग ध्यानात आलं, की पुन्हा फळ्याकडे तोंड करून स्वतःशीच बोलतोय. मी मागे वळलो. ती माझ्या पाठीशी येऊन उभी होती, हातात दुसरा पेन घेऊन.

"हा बिंदू इथे येऊच शकत नाही," ती म्हणाली.

"येतो."

"कुठून येतो?"

"सांगतो," मी म्हणालो. "पण तू मधे बोलत राहा."